दोनशे बारा मासे

एकशे सहा जीबी. दिवसभर उतरत राहिला खेळ
आणि मी येताजाता बघत राहिले,
कुणाचा ताप उतरतोय का बघावं तसं.

सहा वर्षांनी. पासवर्ड बोटांना आठवत होता,
मला नव्हता.

करवंद तिथेच उभी, धक्क्यावर,
जिथे तिला सोडून मी हल रॉयलला गेले होते
बॅग नि कळा घेऊन.
तेच हिरवं जाकीट, तोच लंगडा घोडा,
अंगावर धुळीचा कण नाही.
मी मात्र चष्म्याचे दोन नंबर पुढे,
कमरेत एक मणका वेगळ्या मताचा.

पडद्यावर एकदम सतरा लाल ठिपके.
नवं खंड. नवं चलन. उडता घोडा, फक्त शुक्रवारपर्यंत.
एकेक ठिपका शेजारणीसारखा:
अगं, आलीस? मग आधी आमच्याकडे.

ग्लेनिस जागी होती.
(शाळेत जेवण वाढायची. आता रिटायर,
गुडघ्याच्या ऑपरेशनची वाट बघत ड्रॅगन मारते.)
'कार-वँड!' अजून तसंच म्हणते,
जणू मी कुठल्या गॅरेजातली जादूची कांडी.
'ऐक. पहिल्या दिवशी काही विकायचं नाही.
पहिल्या आठवड्यात काही घ्यायचं नाही.
रोजची कामं सोड, ती रोजचीच असतात.
त्या तलवारीत आता जीव ओतू नकोस,
तिसऱ्या गावातला भिकारीसुद्धा तुला तिच्याहून बरी देईल.
गोष्टीचा धागा धर.
पण आधी पिशवी उघड,
सगळ्यांचं पिशवीतच अडलेलं असतं.'

उघडली.
तीन मोडके बाण.
एका राजवाड्याची किल्ली; तो राजा आता कथेतून काढून टाकलाय.
कुणासाठी तरी खुडलेली निळी फुलं.
आणि मासे. कच्चे. दोनशे बारा.

हां.
गिल्डचं जेवण होतं त्या शनिवारी, चाळीस पानं.
मला नववा महिना, कुशीवर वळता येत नव्हतं,
म्हणून पहाटे चारला गळ टाकून बसायचे,
आणि हेसलच्या या खिडकीबाहेर खरी हंबर, चिखलाच्या रंगाची,
तिच्यात मी आजवर बोटही बुडवलेलं नाही.
दोनशे बाराव्याला पाणमोट फुटली.

सहा वर्षं मासे पिशवीत, आणि वास नाही.
आमच्या फ्रिजला दाखवायला हवं.

यादी उघडली. चाळिसातली एकतीस नावं करडी.
शेवटचे दिसले: चार वर्षांपूर्वी. पाच.
एकापुढे नुसतं 'फार पूर्वी'.
नोकऱ्या लागल्या असतील, लग्नं मोडली असतील,
नुसता कंटाळाही आला असेल.
मी विचारलं नाही. ग्लेनिसने सांगितलं नाही.

गोष्टीचा धागा खुंटीला अडकवला
आणि चूल पेटवली.
एका माशाला तीन सेकंद,
एक हिरवी रेघ भरते नि भांडं वाजतं.
या कालवणाने म्हणे ताकद दोनने वाढते,
आता, जेव्हा लोक हजारांत मोजतात.
शिळ्या कढीला ऊत, आई म्हणाली असती,
आणि त्याच दमात: मीठ बघ.

वर निहार झोपेत काहीतरी बडबडला.
रेडिएटरवर त्याचे मोजे, एक सुकलेला, एक नाही.

पहिल्या पानाला ग्लेनिस बसली.
हाडांचा मुकुट बाजूला ठेवून
जमिनीवर, मांडी घालून.
(तशी एक कमांड आहे. मीच शिकवली होती.)
'आणखी आहे?'

मग धक्क्यावरून जाता जाता थांबलं कुणीतरी,
लेव्हल तीन, अनवाणी, हातात काठी,
नाव नुसते आकडे.
त्याला दोनसुद्धा पुष्कळ होते.
त्याने खाल्लं, आणि बराच वेळ
काय टाइप करावं ते न सुचल्यासारखा
गोल गोल उड्या मारत राहिला.

पावणेदोन. सकाळी आठला लॅब.
लाल ठिपके सतराचे एकोणीस झालेत.
अजून एकशे नव्वद मासे,
आणि ग्लेनिस विचारतेय, भात नाही का?